कंपनीची गाडी की आपली स्वतःची? गोव्यातल्या नोकरदारांचे नेहमीचे प्रश्न

मी वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कंपनीत पगाराचं काम बघते, राहायला फोंड्याला. मार्च आला की आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी असे वर्षातून दोनदा ठरलेले प्रश्न येतात, कॅन्टीनमध्ये, पार्किंगमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत पण. म्हणून एकदाच लिहून ठेवते. टॅक्सचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून जुन्या १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू, त्याच्याबरोबर नियमही नवे, त्यामुळे सही करायच्या आधी चालू वर्षाचा आकडा आपल्या पगारवाल्याकडून घ्याच. हिशोब कसा करायचा ते खालून कळेल.

प्र. कंपनीची गाडी म्हणजे नक्की काय? कंपनी फुकट देते का?

फुकट काही नसतं हो. तीन प्रकार आहेत आणि लोक तिन्हींना "कंपनीची गाडी" म्हणतात, म्हणून सगळा गोंधळ.

पहिला, गाडी खरंच कंपनीची, आरसीवर कंपनीचं नाव, पेट्रोल-सर्व्हिसिंग कंपनी बघते, तुम्ही वापरता. हे मोठ्या साहेबांना मिळतं नाहीतर फिरतीवाल्या सेल्सवाल्यांना. दुसरा प्रकार लीज. कंपनी एका लीजवाल्या कंपनीकडून तुमच्यासाठी गाडी घेते, दर महिन्याचं भाडं तुमच्याच सीटीसीतून, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण पगार-खर्चातून, कापते, म्हंजे स्पेशल अलाउन्स कमी होतो आणि त्या जागी गाडी येते. आजकाल ऑफर लेटरमध्ये जी "कार स्कीम" असते ती बहुतेक हीच. पैसे तुमचेच, फक्त टॅक्स लागायच्या आधी कापलेले. तिसरा, गाडी तुमची, नाव तुमचं, लोन तुमचं, आणि कंपनी पेट्रोल, मेंटेनन्सचा खर्च बिलं घेऊन परत देते.

ऑफर लेटर हातात आलं की पहिलं हे विचारा की यातला कुठला. एकाने मला फोन करून पेढे देतो म्हणून सांगितलं, गाडी मिळाली म्हणे, आणि लेटर बघितलं तर लीज, भाडं त्याच्याच पगारातून. पेढे दिले, पण जरा उशिरा.

प्र. लीजमध्ये टॅक्स वाचतो म्हणतात, तो कसा?

कंपनीने दिलेली गाडी तुम्ही ऑफिसच्या कामालाही वापरता आणि घरच्याही, असं असेल तर आयकराच्या नियमात त्या सुखाची, म्हणजे पर्कची, एक ठरलेली किंमत तुमच्या उत्पन्नात धरतात, खरा खर्च कितीही असो. २०२५-२६ पर्यंत लागू असलेल्या १९६२ च्या नियमांप्रमाणे इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिना १८०० रुपये, त्याच्यावर असेल तर २४००, ड्रायव्हर दिला तर अजून ९००. हे कंपनी पेट्रोल-मेंटेनन्स देत असेल तेव्हा. घरच्या वापराचा खर्च तुम्ही स्वतः करत असाल तर लहान इंजिनाला ६०० आणि मोठ्याला ९००, ड्रायव्हरचे ९०० तसेच.

आता गंमत बघा. समजा लीजचं भाडं २२,००० आणि पेट्रोल-मेंटेनन्सचे ८,०००, मिळून महिना ३०,००० तुमच्या सीटीसीतून गाडीकडे गेले, वर्षाचे ३,६०,०००. गाडी लहान आहे म्हणून तुमच्या उत्पन्नात धरले फक्त १८०० × १२ म्हणजे २१,६००. राहिलेल्या ३,३८,४०० वर टॅक्स नाही. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून साधारण १,०५,५८० वाचले. २० टक्क्यांत असाल तर ७०,३८७. आणि ही सोय नव्या टॅक्स पद्धतीतही आहे, कारण ही वजावट नाही, पर्कची किंमत मोजायची रीत आहे. नव्या पद्धतीत सगळं गेलं म्हणून रडणाऱ्या लोकांना हे सांगितलं की डोळे चमकतात.

पण थांबा, पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय सही करू नका.

प्र. माझा पगार ११ लाख आहे, मला किती वाचेल?

शून्य.

खरंच शून्य. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट आहे आणि पगारदाराला ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे १२.७५ लाखांपर्यंत टॅक्सच नाही. जो टॅक्स भरतच नाही त्याचा वाचणार कुठून? तरीपण लोक लीज घेतात, कारण शेजारच्या टेबलवरच्याने घेतली, आणि त्याचा पगार २८ लाख आहे हे कोणी विचारत नाही. अशा वेळी लीज म्हणजे फक्त डाऊन पेमेंट न करता गाडी मिळायची सोय, बाकी काही नाही, आणि लीजवाला आपलं व्याज त्या भाड्यात बरोबर घालून बसलेला असतो.

१२.७५ च्या थोडं वर, म्हणजे १४-१५ लाखवाल्यांची मात्र वेगळीच मजा आहे, त्यांचं उत्पन्न लीजमुळे १२.७५ च्या खाली आलं तर सगळाच टॅक्स उडतो. पेन्सिल-कागद घेऊन त्यांनी जरूर बसावं.

प्र. गाडी फक्त घरच्या कामालाच वापरतो, ऑफिसला बसनेच जातो. तरी १८०० च ना?

नाही. पूर्ण खासगी वापर असेल तर १८०० चा फायदा नाही. मग पेट्रोल-मेंटेनन्सचा खरा खर्च, ड्रायव्हरचा पगार, आणि वर गाडीच्या किमतीच्या वर्षाला १० टक्के, किंवा गाडी भाड्याची असेल तर खरं भाडं, हे सगळं तुमच्या उत्पन्नात धरायचं. आणि याच्या अगदी उलट, पूर्णच ऑफिसच्या कामाची गाडी असेल तर पर्क शून्य, पण त्याला लॉगबुक लागतं: कुठल्या तारखेला, कुठे, किती किलोमीटर, किती खर्च, आणि कंपनीचं सर्टिफिकेट. लॉगबुक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत, एकाच पेनने लिहिलं की ते दुरूनच कळतं. मी बघितलंय असं एक, ३१ जूनची तारीख होती त्यात.

घर ते ऑफिस ये-जा करायला कंपनीने गाडी दिली, तर तेवढा वापर कायद्यात सुखसोय म्हणून धरत नाहीत. फोंड्याहून बोरी पुलावरून रोज वेर्ण्याला येणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटतं.

प्र. गाडी माझ्या नावावर घेतली आणि कंपनीने खर्च परत दिला तर?

माझ्या मते गोव्यातल्या निम्म्या लोकांना हाच मार्ग बरा, पण कोणी विचारत नाही. गाडी तुमची, वापर दोन्हीकडे, आणि कंपनी बिलांवर खर्च परत देते, तर २०२५-२६ पर्यंतच्या नियमाने त्या खर्चातून महिन्याला १८०० (मोठ्या इंजिनाला २४००), ड्रायव्हर असेल तर अजून ९००, एवढे वजा करून उरलेलं फक्त टॅक्सला. ऑफिसच्या कामाचा वापर याच्यापेक्षा जास्त असेल तर नोंदी ठेवून जास्तही दाखवता येतो. रक्कम लीजएवढी मोठी नाही, कबूल. पण गाडी तुमची राहते, आणि नोकरी सोडली तर सोमवारी सकाळी पार्किंगमधून कोणी किल्ली मागत नाही.

पेट्रोल पंपाची बिलं जपा मात्र. त्या कागदावरची शाई दोन महिन्यांत उडते, पांढरा कागद आणून देतात लोक मला, फोटो काढून ठेवायला काय होतं.

प्र. बँकेचं लोन घेतलं तर हिशोब कसा?

गाडी ऑन रोड १० लाखाची समजा, २ लाख हातचे, ८ लाख लोन, ९ टक्के, ५ वर्षं. ईएमआय येतो साधारण १६,६०७. पाच वर्षांत बँकेला ९.९६ लाख, म्हणजे व्याज १.९६ लाख. नोकरदाराला या व्याजावर कसलीच सूट नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या लोनवर आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली दीड लाखापर्यंत व्याजाची सूट होती, पण ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या लोनलाच, तेव्हा शोरूममधला पोरगा अजून ती सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि पुढे जा.

लीजचं बघा: २२,००० × ४८ महिने म्हणजे १०.५६ लाख, आणि शेवटी गाडी हवी असेल तर उरलेली किंमत वेगळी. बघायला लीज महाग, पण त्यात बरेचदा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग असतं आणि वर टॅक्स वाचतो, त्यामुळे ३० टक्केवाल्याला लीज पुढे जाते आणि कमी स्लॅबवाल्याला लोन. नुसता ईएमआय आणि नुसतं भाडं समोरासमोर ठेवून ठरवू नका, एकात गाडी शेवटी तुमची आहे आणि दुसऱ्यात नाही.

१० लाखाच्या वरची गाडी असेल तर डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेतो. तुमच्या पॅनवर असेल तर रिटर्नमध्ये वळता होतो, कंपनीच्या नावावर गाडी असेल तर तो कंपनीचा.

प्र. जीएसटी कमी झाला त्याचा काय फरक?

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर, म्हणजे पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत आणि लांबी ४ मीटरच्या आत, १८ टक्के. त्याच्या वरच्यांवर ४० टक्के, पण जीएसटीच्या वरचा वेगळा सेस गेला. इलेक्ट्रिकवर ५ टक्केच. लीजच्या भाड्यावरही त्या त्या गाडीचाच दर लागतो, आणि साध्या कंपनीला या गाड्यांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घेणं, मिळत नाही, म्हणून तो जीएसटी शेवटी तुमच्याच सीटीसीच्या अंगावर येतो. मोठ्या एसयूव्हीचं लीज घेताना हा ४० टक्केवाला भाग कोटेशनमध्ये कुठे लपलाय ते बघा.

प्र. मध्येच नोकरी सोडली तर?

आता मुद्द्याचं आलं. टॅक्स वगैरे ठीक आहे पण लोक अडकतात ते इथे.

आमच्याकडे साखळीचा एक मुलगा होता, हुशार, चार वर्षांच्या लीजवर गाडी घेतली आणि बाविसाव्या महिन्यात त्याला पुण्याची नोकरी लागली. लीजच्या कागदात तीनच वाटा होत्या: नव्या कंपनीने लीज उचलावं, किंवा यानेच राहिलेली रक्कम आणि फोरक्लोजरचे, म्हणजे मुदतीआधी लीज बंद करायचे, चार्जेस भरून गाडी आपल्या नावावर करावी, नाहीतर गाडी परत करून दंड भरावा. नव्या कंपनीत असली स्कीमच नव्हती. एकरकमी भरायला पैसे नव्हते, कारण नुकताच घराचा स्लॅब घातला होता. मग गाडी परत.

परत द्यायच्या दिवशी मी खाली होते, सह्यांसाठी. लीजवाल्यांचा माणूस आला, हातात टॉर्च आणि छापील यादी, गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. डाव्या दारावर एक लांब चरा, तो चोडणच्या फेरीबोटीत चढताना लागलेला. पायपुसणी उचलली तर खाली तांबडी माती घट्ट बसलेली, दोन पावसाळ्यांची. मागच्या काचेवर त्याच्या पोरीने चिकटवलेली फुलपाखरं. आणि डॅशबोर्डवरचा गणपती. तो दुहेरी टेपने चिकटवलेला होता, याने नखाने हळूहळू काढला, रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, आणि खाली गोंदाचा चौकोनी डाग राहिला. त्या माणसाने त्या डागाचा पण फोटो काढला आणि यादीत लिहिला. नंतर फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबात, जी कपात आली त्यात "डॅशबोर्ड" अशी वेगळी ओळ होती. पोराने चऱ्याबद्दल काही तक्रार केली नाही, त्या ओळीवर मात्र बराच वेळ बोट ठेवून बसला.

म्हणून माझा एकच प्रश्न असतो सगळ्यांना: या नोकरीत अजून चार वर्षं नक्की आहात का? हो म्हणायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर लोन काढा.

प्र. लीज संपल्यावर गाडी स्वस्तात मिळते ना?

मिळते, आणि हीच लीजची खरी गोडी म्हणतात, पण इथेही टॅक्सचा एक खिळा आहे. तुमच्या कंपनीच्या मालकीची झालेली गाडी तिने तुम्हाला विकली तर नियमात तिची किंमत धरतात ती अशी: मूळ किमतीतून प्रत्येक पूर्ण वर्षाला २० टक्के, तेही घटत्या किमतीवर. १० लाखाची गाडी ३ पूर्ण वर्षांनी ५.१२ लाख, ४ वर्षांनी ४.०९६ लाख, ५ वर्षांनी साधारण ३.२८ लाख. तुम्ही याच्यापेक्षा कमी दिलेत तर फरक तुमच्या पगारात धरून टॅक्स. म्हणजे ४ वर्षांनी १ लाखाला मिळाली म्हणून आनंदाने उड्या मारत असाल तर ३.०९६ लाखांवर टॅक्स भरायची तयारी ठेवा. वर्षं पूर्णच मोजतात, तीन वर्षं अकरा महिने म्हणजे तीनच, एक महिना थांबलात तर लाखभराचा फरक पडतो.

प्र. इन्शुरन्सचं काय? गाडी कंपनीची तर मला काय चिंता?

चिंता आहे, दोन गोष्टींची. एक म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट. तो गाडीचा नसतो, पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा असतो. क्लेम न करता गेलेल्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. कंपनीच्या गाडीत तुम्ही आठ वर्षं जपून चालवली तरी बोनस कंपनीचा, उद्या दुसरी गाडी स्वतःच्या नावावर घेतलीत की शून्यापासून. स्वतःची विकून दुसरी घेताना मात्र तो बरोबर येतो, सर्टिफिकेट घेऊन ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत चालतं.

दुसरी गोष्ट कोणी सांगतच नाही. स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर तो देता येत नाही, कारण कंपनी काय स्टिअरिंगवर बसत नाही. मग चालवणाऱ्याचं काय? कंपनीने वेगळं कव्हर घेतलंय का हे एचआरला लेखी विचारा, घरच्यांसाठी.

उलट बाजू पण सांगते. आमची गाडी दारात माडाखाली असते. दोन जूनमागे वारा सुटला आणि नारळ पडला बॉनेटवर, बरोबर मध्ये, वाटीएवढा खड्डा. गॅरेजवाला म्हणाला १४,०००. आमचा बोनस ३५ वर होता, पुढच्या वर्षी ४५ होणार होता, ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम ९,००० च्या आसपास. क्लेम केला की बोनस शून्य आणि परत पहिल्यापासून चढायचं, मी मांडून बघितलं तर पाच वर्षांत मिळून १०,८०० चं नुकसान, वर क्लेममधली सक्तीची १,००० ची कपात. म्हणजे क्लेम करून हाती लागणार दोन-एक हजार. भरले खिशातून. कंपनीची गाडी असती तर एक ईमेल करून मोकळी झाले असते, हे खरंय. माडाचे नारळ मात्र त्यानंतर वेळेवर काढतो आम्ही.

प्र. हेड ऑफिस मुंबईला आहे, गाडी एमएच नंबरची येईल म्हणतात. चालेल का?

चालेल, पण दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याने तिथला नंबर घ्यावा लागतो, त्याला मूळ आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, आणि तिथला टॅक्स परत मिळवायच्या चकरा. महाराष्ट्रात तर कंपनीच्या नावावरच्या कारला रोड टॅक्स २० टक्के आहे, स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला ११ ते १३. म्हणून गाडी इथेच राहणार असेल तर पहिल्या दिवसापासून गोव्यातच नोंदवायला सांगा, पणजीची जीए-०१, म्हापशाची जीए-०३, फोंड्याची जीए-०५, जिथे राहता तिथली. शिवाय एमएच पाटी बघून पोलीस हात करतात तो त्रास वेगळा, आणि प्रत्येक वेळी कंपनीचं पत्र दाखवत बसायचं.

सतत बदली होत असेल आणि कंपनीची ऑफिसं किमान चार राज्यांत असतील तर बीएच सिरीज बघा, म्हणजे राज्य बदललं तरी परत नोंदणी न लागणारा नंबर. ही २०२१ पासून आहे, गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर लागते, रोड टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. बदलीवाल्या बँकवाल्यांना आणि मोठ्या कंपनीवाल्यांना बरी.

प्र. कंपनीची गाडी चवथीला गावी नेली तर चालते का? मुलगा चालवेल तर?

गावी न्यायला टॅक्सवाल्यांची हरकत नाही, १८०० त्यासाठीच धरलेत. कंपनीच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते बघा, काहींना राज्याबाहेर जायला परवानगी लागते, काहींमध्ये नवरा-बायको चालवू शकतात पण मुलं नाहीत. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं, सामान, कणगी, केळीचा घड, नारळ मागच्या सीटवर भरायच्या आधी खाली जुनी चादर घाला एवढं मात्र सांगेन, केळीचा डाग जात नाही, आणि तो टॉर्चवाला माणूस आठवा.

अठराच्या खालच्या मुलाच्या हातात अजिबात नको, ना कंपनीची ना घरची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालक जबाबदार, २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. कंपनीच्या गाडीत मालक म्हणजे तुमचे साहेब, कल्पना करा. ई-चलन पण आधी कंपनीकडेच जातं आणि मग पगारातून कापलं जातं, त्यामुळे रविवारी कळंगुटला काय केलंत ते सोमवारी अकाउंट्सला कळतं. आम्ही बोलत नाही, पण कळतं.

प्र. स्वतःची गाडी घेऊन सीझनमध्ये टुरिस्टांना भाड्याने दिली तर ईएमआय निघेल?

हा प्रश्न दर डिसेंबरला. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं परवान्याशिवाय बेकायदेशीर. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाड्यांना काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात, ती उगाच नाही. आणि अपघात झाला, गाडी भाड्यावर होती हे निघालं, तर इन्शुरन्सवाला क्लेम नाकारतो. ईएमआय राहू दे, गाडीच जाईल.

प्र. इथल्या हवेत गाडी किती टिकते? लीजच बरी नाही का मग?

या मुद्द्यात दम आहे. पावसाळ्यात चार महिने ओल, किनाऱ्याजवळ खारं वारं, खालून गंज, आतून बुरशीचा वास, आणि उंदीर. वायरी कुरतडणारे उंदीर हा गोव्यातल्या गाडीवाल्यांचा राष्ट्रीय प्रश्न आहे. लीजमध्ये मेंटेनन्स धरलेला असला तरी उंदराने खाल्लेली वायर "सर्व्हिसिंग" मध्ये येते का ते आधी वाचा. चार वर्षांनी गाडी परत द्यायचीच असेल तर गंजाची काळजी दुसऱ्याची, हे लीजचं सुख मान्य. स्वतःची दहा-बारा वर्षं वापरणाऱ्याने खालून कोटिंग करावं आणि पाऊस सरला की एकदा खालून नीट धुऊन घ्यावी.

बोटीवर जाणाऱ्यांनी, म्हणजे सात-आठ महिने घरीच नसणाऱ्यांनी, नवी गाडी घेऊन अंगणात झाकून ठेवण्यापेक्षा सेकंडहँड लहान गाडी घ्यावी. नवी गाडी उभी राहूनही तिची किंमत उतरतेच, आणि बॅटरी वेगळी मरते.

प्र. होम लोन घ्यायचंय पुढच्या वर्षी. लीजचा परिणाम होतो?

होतो. लीज सीटीसीतून कापलं जातं त्यामुळे सॅलरी स्लिपवर हातात येणारा पगारच कमी दिसतो. कार लोन असलं तरी बँक ईएमआय वजा करतेच, पण तिथे तुम्ही पार्ट पेमेंट करून लोन आधी संपवू शकता, लीजमध्ये तसं लवकर सुटता येत नाही. घर आधी, गाडी मग, असा क्रम जमत असेल तर बघा.

प्र. तुम्ही स्वतः काय केलंत?

लोन. माझा स्लॅब बघता लीजमध्ये काही वाचत नव्हतं, आणि नवऱ्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर. लहान पेट्रोल गाडी, पाच वर्षं. पत्रादेवीपलीकडे, महाराष्ट्रात, पेट्रोल महाग म्हणून सावंतवाडीला माहेरी जाताना टाकी इथेच भरून जाते, तेवढीच बचत.

प्र. आरसीवर नाव कोणाचं घालू, माझं की बायकोचं?

कंपनीकडून पेट्रोल-मेंटेनन्सची बिलं घ्यायची असतील तर तुमचंच, नियम "कर्मचाऱ्याच्या मालकीची गाडी" असंच म्हणतो. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस तुमच्या नावावर असेल तर तोही बायकोच्या नावावरच्या नव्या गाडीला लागत नाही. बाकी काही नसेल तर जो जास्त चालवतो त्याचं. लोन फिटलं की हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचा बोजा, आरसीवरून काढून घ्या, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हे कागद लोक वर्षानुवर्षं कपाटात ठेवतात आणि गाडी विकताना धावपळ करतात. आमची एनओसी पण अजून देवघराच्या खणात आहे, या शनिवारी नक्की.